जुन्या सिस्को राउटरवर आयपीएक्स (नॉव्हेल कंपनीच्या नेटवेअर सर्व्हरांची नेटवर्कवरची भाषा) चालू केलं, तरी पलीकडून नेटवेअर सर्व्हर का दिसत नाही?

तुम्ही लिहिलंय, 'कमांड सगळ्या दिल्या, केबलही बदलून पाहिली.' केबलचं नाव काढलंत म्हणून लिहायला बसलो.

१९९८ साल. सांगलीतली एक बँक, मिरजेला शाखा, मध्ये ६४ केबीपीएसची लीज्ड लाइन, दोन्हीकडे सिस्को २५०१ राउटर. रविवारी आम्ही हेड ऑफिसातल्या सर्व्हरचं नेटवेअर ३.११ काढून नव्या मशीनवर ३.१२ टाकलं. हेड ऑफिसातले पीसी झकास लॉगिन झाले. सोमवारी सकाळी मिरजेहून फोन: 'फाइल सर्व्हर कुड नॉट बी फाउंड.' आमचे साहेब तडक राउटरमागे शिरले. ट्रान्सीव्हर काढून फुंकला, टर्मिनेटर मल्टिमीटरने मोजला, ५० ओहम बरोब्बर. तरी केबल बदलली. मग बदललेलीही बदलली. तिकडे काउंटरवर पेन्शनरांची रांग.

मी सर्व्हरच्या कन्सोलवर 'कॉन्फिग' मारलं. फ्रेम टाइप, म्हणजे तारेवर जाणाऱ्या डेटाच्या पाकिटाचा साचा: ईथरनेट ८०२.२. राउटरवर 'शो आयपीएक्स इंटरफेस': नॉव्हेल-ईथर. सापडलं की! ३.११पर्यंत नॉव्हेलचा डिफॉल्ट ८०२.३ होता, ३.१२पासून ८०२.२ झाला, सिस्को जुन्यावरच राहिला. एका तारेवर बसून दोघं एकमेकांना बहिरे. त्यात नॉव्हेल ज्याला ८०२.२ म्हणतं त्याला सिस्को म्हणतो 'सॅप', आणि ८०२.३ला 'नॉव्हेल-ईथर'. ज्याने ही नावं ठेवली त्याला नावं ठेवावी तितकी थोडी.

साहेबांना सांगितलं. म्हणाले, "डिफॉल्टला हात लावायचा नाही. दोन वर्षं झाली नाहीत तुला लागून."

ते चहाला गेले आणि मी हात लावला: आयपीएक्स नेटवर्क ५० एन्कॅप्स्युलेशन सॅप. (फ्रेम टाइपलाच सिस्को एन्कॅप्स्युलेशन म्हणतो.) सर्व्हर आपली जाहिरात दर ६० सेकंदांनी करतो, तेवढं थांबलो. 'शो आयपीएक्स सर्व्हर्स'मध्ये नाव उमटलं, मिरज लॉगिन झाली. साहेबांनी परत येऊन सर्व्हिस रिपोर्ट भरला: 'केबल फॉल्टी, बदलली.' खाली सही त्यांची.

तर तुम्हीही आधी दोन्हीकडचा फ्रेम टाइप बघा. डिफॉल्ट म्हणजे कुणीतरी कधीतरी धरलेला अंदाज, देवाची मूर्ती नव्हे. राउटरला नेटवर्क नंबर (माझ्या कमांडमधला ५०) सर्व्हरच्या 'बाइंड' कमांडमध्ये असेल तोच द्या. चुकलात तर सर्व्हर 'राउटर कॉन्फिगरेशन एरर' म्हणत पीं पीं करत बसतो.

हो, एक राहिलंच. त्याच तारेवर जुने ८०२.३वाले पीसी असतील तर सरळ बदलू नका, ते तुटतील. दुसरं एन्कॅप्स्युलेशन वेगळ्या नंबराने 'सेकंडरी' म्हणून जोडा. आणि राउटरवर नवं आयओएस (सिस्कोचं राउटर चालवणारं सॉफ्टवेअर) चढवायचा मोह झाला तर आवरा, त्यातून आयपीएक्स काढून टाकलंय.

काम झालं की रिपोर्टवर 'एन्कॅप्स्युलेशन बदललं' असंच लिहा. केबल नाही.