मुंबईचं दक्षिण टोक धरा, बाकीची यादी पुढच्या खेपेला

तुमचा प्रश्न नीट वाचला. लातूरहून पाच जण, डिसेंबरमधले तीन दिवस, सगळ्यांचीच मुंबई पहिल्यांदा. सासूबाईंचे गुडघे दुखतात, मुलगी बारा वर्षांची, मुलगा आठचा. मुक्काम डोंबिवलीला काकांकडे. आणि यादीत गेटवे, घारापुरी, राणीबागेतलं प्राणिसंग्रहालय, सिद्धिविनायक, हाजी अली, जुहू, कान्हेरी, फिल्मसिटी, सी-लिंक, शिवाय नटांचे बंगले. मी गिरगावात वाढलो, आणि गावाकडून येणाऱ्या पाहुण्यांना मुंबई दाखवणं हे आमच्या घरातलं नेहमीचं काम आहे. त्या अनुभवावरून आधी एकच सांगतो: यादीतली निम्मी नावं खोडा आणि डोंबिवलीचा मुक्काम रद्द करा.

काकांना वाईट वाटेल, हे कळतं. पण हिशोब बघा. डोंबिवली सीएसएमटीपासून जवळपास पन्नास किलोमीटर. जलद लोकलनंही तास-सव्वा तास जातो. बरं, तुम्ही निघणार सकाळी, म्हणजे आठ ते अकरामध्ये, जेव्हा सगळी मुंबई दक्षिणेकडेच निघालेली असते. डोंबिवलीला त्या वेळी रोजच्या माणसालाही गाडीत पाय ठेवायला जागा नसते, तिथे गुडघेदुखी असलेल्या बाईंना आणि दोन मुलांना घेऊन तुम्ही चढणार कशा? संध्याकाळी हीच गर्दी उलट दिशेनं, तीही तुमच्याच बरोबर. तीन दिवसांतले सात-आठ तास नुसते गाडीत जातील, आणि ते उभ्यानं जातील. काकांकडे जायची सोय शेवटी सांगतो, ती चांगली जमते.

मुंबई हे दक्षिणोत्तर लांबलचक शहर आहे. कुलाब्यापासून बोरिवलीपर्यंत एक पट्टा, त्यात लोकांना राहायला जागा उत्तरेला आणि बघण्यासारखं बरंचसं दक्षिणेला. म्हणून पहिल्या खेपेला माहीम-सायनच्या उत्तरेला जायचंच नाही, असं ठरवून टाका. जुहू, फिल्मसिटी, कान्हेरी, बंगले हे सगळं एका फटक्यात गळतं. यातली मला हळहळ वाटते ती फक्त कान्हेरीची, पण तिथे चढ आहे आणि जाण्यायेण्यात दिवस जातो. नटांच्या बंगल्यांबाहेर उन्हात उभं राहून बंद फाटक बघण्यात मुलांना काही मिळत नाही, हे मी पाहिलेलं आहे. एका दिवसात पंधरा ठिकाणं दाखवणाऱ्या बसच्या नादालाही लागू नका. त्यातली बरीचशी ठिकाणं खिडकीतूनच दिसतात.

वार फार महत्त्वाचे आहेत. घारापुरीची लेणी सोमवारी बंद. राणीबाग आणि तिथलं डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय बुधवारी बंद. सिद्धिविनायकाला मंगळवारी आणि संकष्टीला रांग संपत नाही. रविवारी रेल्वेचा मेगाब्लॉक असतो, त्यात दिवसाच्या गाड्या कमी होतात, आणि गेटवेला तर अख्खं शहर लोटलेलं असतं. उरले गुरुवार, शुक्रवार, शनिवार. मुलांची दोन दिवसांची शाळा बुडेल, ती बुडू द्या. तारखेचं म्हणाल तर ६ डिसेंबरच्या मागचे-पुढचे दिवस टाळा. महापरिनिर्वाणदिनाला चैत्यभूमीवर लाखो लोक येतात आणि गाड्यांमध्ये पाय ठेवायला जागा नसते. चैत्यभूमीच्या दर्शनालाच यायचं असेल तर जरूर या, पण मग त्याला फिरणं जोडू नका. नाताळपासून वर्ष संपेपर्यंत लॉजचे दर चढलेले असतात. दुसरा किंवा तिसरा आठवडा उत्तम.

राहायला सीएसएमटी, फोर्ट किंवा गिरगाव बघा. खोल्या लहान असतील आणि लातूरच्या मानानं महाग, पण वाचलेला वेळ आणि दुपारी तासभर पाठ टेकायची सोय यातच पैसे वसूल होतात. फोनवर बुकिंग करताना दोन प्रश्न विचारायचे: खोली कितव्या मजल्यावर आहे, आणि लिफ्ट आहे का? फोर्टातल्या जुन्या इमारतींमध्ये लॉज बऱ्याचदा दुसऱ्या-तिसऱ्या मजल्यावर असतात आणि वर जायला उभा लाकडी जिना. फोटोत तो दिसत नाही. सासूबाईंसाठी तोच प्रश्न सगळ्यात मोठा.

फिरण्याचं बोलायचं तर तुमचं नशीब चांगलं आहे. 'मेट्रो-३' ही भुयारी मेट्रो ऑक्टोबर २०२५ पासून थेट कफ परेडपर्यंत धावते. आरे ते कफ परेड साडेतेहतीस किलोमीटर, २७ स्थानकं, आणि त्यात चर्चगेट, हुतात्मा चौक, सीएसएमटी, गिरगाव, सायन्स सेंटर, सिद्धिविनायक, दादर अशी तुमच्या कामाची स्थानकं ओळीनं आहेत. प्रत्येक स्थानकात लिफ्ट आणि सरकते जिने. गुडघे दुखणाऱ्या माणसाला मुंबई दाखवणं यामुळे खरोखर सोपं झालंय. लोकलचे पूल चढणं-उतरणं हेच आजवर म्हाताऱ्या माणसांना सगळ्यात जड जायचं.

टॅक्सी मीटरनंच करा. काळी-पिवळीत चार जणच बसतात आणि तुम्ही पाच, तेव्हा दोन टॅक्स्या किंवा ॲपवरून मोठी गाडी, हे खर्चात धरून ठेवा. रिक्षा शोधू नका. वांद्रे आणि सायनच्या दक्षिणेला रिक्षांना परवानगीच नाही.

आता दिवस.

गुरुवारी सकाळी गाडी सीएसएमटीला पोचेल तेव्हा खोली मिळायला अवकाश असेल. सामान लॉजवर ठेवून घेतात का ते आधीच विचारा, नाहीतर स्टेशनवर क्लोकरूम आहे. तिथे कुलूप नसलेली बॅग घेत नाहीत, म्हणून कुलपं घरूनच आणा. चहा-नाश्ता झाला की लगेच टॅक्सीत बसू नका. तुम्ही ज्या इमारतीतून बाहेर पडलात, तिच्याकडे मागे वळून बघा. मुंबईत येणारे बहुतेक लोक तिच्याकडे पाठ करून गेटवेला पळतात, आणि मला याचं फार वाईट वाटतं. फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स या वास्तुविशारदाचं हे काम. १८७८ मध्ये सुरू झालं, पुरं व्हायला दहा वर्षं लागली. २००४ पासून ती जागतिक वारसा यादीत आहे. रस्ता ओलांडून महापालिकेच्या बाजूला उभ्या राहा. फाटकाच्या दोन खांबांवर एकीकडे सिंह आणि दुसरीकडे वाघ बसलेला दिसेल, सिंह इंग्लंडचा आणि वाघ हिंदुस्थानचा. वर मधल्या घुमटावर एका बाईचा पुतळा आहे, उंचावलेल्या हातात मशाल, दुसरा हात चाकावर. ती प्रगती. मग मुलांना कामाला लावा: भिंतींवर दगडात कोरलेले प्राणी शोधायचे. मोर सापडतील, माकडं सापडतील, पावसाचं पाणी सोडायला भिंतीतून बाहेर आलेली जनावरांची तोंडं सापडतील. हे कोरीवकाम जे. जे. कलाशाळेच्या विद्यार्थ्यांनी केलंय. आमच्याकडे आलेल्या मुलांना हा खेळ पुढे दिवसभर पुरतो, प्रत्येक जुन्या इमारतीवर ती प्राणी शोधत राहतात. आणि तुम्ही ज्या महापालिकेच्या इमारतीसमोर उभ्या आहात, तीही याच स्टीव्हन्सची, १८९३ ची.

तिथून हुतात्मा चौकाकडे चालत दहा-बारा मिनिटं, नाहीतर मेट्रोनं एक स्थानक. फ्लोरा फाउंटन तिथेच. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यातल्या हुतात्म्यांचं स्मारक मुलांना जरूर दाखवा. बारा वर्षांच्या मुलीला १ मे का पाळतात ते शाळेत शिकवलेलं असतं. जिथे गोळ्या झाडल्या गेल्या त्या जागेवर उभं राहिल्यावर ते वेगळं कळतं. दुपारी खोलीत आराम करा. तीननंतर छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय. सगळी दालनं बघायचा हट्ट धरू नका. खालची शिल्पं आणि प्राणी-पक्ष्यांचं दालन एवढं पुरे. साडेपाचला मरीन ड्राइव्हच्या कट्ट्यावर बसलेलं असायला हवं, कारण डिसेंबरात सहाच्या सुमारास सूर्य मावळतो. अंधार पडला तरी लगेच उठू नका, किनाऱ्याचे दिवे एकेक करून लागताना बघा. सासूबाईंना इथे काहीच चालायचं नाही, टॅक्सी अगदी कट्ट्याशी सोडते.

शुक्रवार घारापुरीचा. गेटवेवरून पहिली बोट नऊच्या सुमारास सुटते. तुम्ही साडेआठला तिथे असा, म्हणजे गेटवेही गर्दीआधी शांतपणे बघून होतो. १९११ मध्ये राजा पंचम जॉर्ज आला त्याच्या स्मरणार्थ ही कमान, पुरी झाली १९२४ मध्ये. आणि फेब्रुवारी १९४८ मध्ये इंग्रजांच्या फौजेची शेवटची तुकडी याच कमानीतून परत गेली. मुलांना हा दुसरा भाग आधी सांगा.

बोटीचं तिकीट खिडकीवरच घ्या, येता-जाताचं असतं, ते सांभाळून ठेवा. लाइफ जॅकेट पाचही जणांनी घाला, कोणी घातलं नसेल तरी. मागून आणून देतो म्हणाले तर बसण्याआधीच मागा. प्रवास साधारण तासाभराचा. उतरल्यावर धक्क्यावरून लहानशी गाडी पायथ्यापर्यंत नेते. पुढे सुमारे १२० पायऱ्या. सासूबाईंसाठी डोली मिळते, भाव आधी ठरवा, जाऊन-येऊन धरूनच. पायऱ्यांच्या दोन्ही बाजूंना दुकानं आहेत, वर सावली आहे, त्यामुळे थांबत थांबतही जाता येतं. माकडं हातातली बाटली आणि कणीस हिसकावतात, खायचं सगळं पिशवीत बंद ठेवा. लेण्याचं तिकीट वेगळं.

मुख्य लेण्यात शिरल्यावर लगेच फोटो काढू नका. डोळे अंधाराला सरावेपर्यंत थांबा. मग समोरच्या भिंतीतून ती सदाशिवाची मूर्ती हळूहळू पुढे येते, जवळजवळ वीस फूट उंच, तीन मुखं. मधलं मिटल्या डोळ्यांचं, शांत. तुमच्या डाव्या हाताला रौद्र मुख, मिशा, हातात नाग. उजव्या हाताला कोवळं, बाईसारखं, कुरळे केस आणि हातात कमळ. तिथे खाली बसा, घाई करू नका. माझ्या मते सगळ्या मुंबईत याच्यापेक्षा मोठं बघण्यासारखं काही नाही. अजिंठा-वेरूळ तुमच्या बाजूचं, ते पाहिलेलं असेल तर हे शिल्प जास्तच भिडेल. दोन-अडीचपर्यंत परत या. त्या संध्याकाळी काहीही ठेवू नका. फार तर गिरगावात खोताच्या वाडीतून एक चक्कर मारा, जुनी लाकडी घरं अजून आहेत.

शनिवारी सकाळी लवकर मेट्रोनं थेट सिद्धिविनायक. दर्शन झालं की दादरला नाश्ता. शिवाजी पार्कजवळ 'प्रकाश' किंवा 'आस्वाद', साबुदाणावडा, मिसळ आणि पियुष. पियुष हे गोड पेय लातूरला तसं मिळत नाही, मुलांना नक्की आवडेल.

मग मुलांना हवी असलेली लोकल. दादरहून भायखळ्यापर्यंत, साडेअकरानंतर, मध्य रेल्वेची धीमी गाडी. तेव्हा बसायला जागा मिळते. तुम्ही आणि सासूबाई लेडीज डब्यात चढणार असाल तर उतरायचं स्टेशन आणि उतरल्यावर कुठे भेटायचं हे चढण्याआधीच सगळ्यांशी बोलून ठेवा, मुलांकडे फोन नंबर कागदावर लिहून द्या. पूल नको असेल तर सासूबाईंबरोबर एकानं टॅक्सीनं यावं. भायखळ्याहून राणीबाग चालत दहा मिनिटं. मुलांना पेंग्विन बघायचे असतील, बघू दे, पण शेजारचं भाऊ दाजी लाड संग्रहालय सोडू नका. १८७२ चं, मुंबईतलं सगळ्यात जुनं, लहानसं आणि सुरेख. जुन्या मुंबईचे लोक, धंदे, घरं यांचे मातीचे छोटे नमुने काचेत मांडलेत, मुलं खिळून राहतात. बाहेर आवारात एक मोठा दगडी हत्ती आहे. तो आदल्या दिवशी पाहिलेल्या घारापुरीचाच. त्याच्यावरूनच पोर्तुगीजांनी त्या बेटाला एलिफंटा म्हटलं. आधी बेट आणि नंतर हा हत्ती, असा क्रम मी मुद्दाम ठेवलाय.

आता काका. लातूरची गाडी सीएसएमटीहून रात्री सुटते आणि कल्याणला थांबते. परतीचं तिकीट काढताना बसण्याचं स्टेशन कल्याणच टाका. शनिवारी तीनच्या सुमारास लॉजवरून सामान उचला आणि सीएसएमटीहून सुटणारी डोंबिवलीची गाडी धरा. सुरुवातीचं स्टेशन असल्यानं सामानासकट बसता येतं, आणि संध्याकाळची गर्दी अजून सुरू झालेली नसते. जेवण काकांकडे निवांत, गप्पा, आणि तिथून कल्याण दोन स्टेशनं. रात्री पाच जण आणि सामान म्हटल्यावर काकांच्या ओळखीची एखादी गाडी सांगून ठेवलीत तर फारच बरं.

रेल्वेचं आरक्षण आता ६० दिवस आधी उघडतं. डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्याची तिकिटं ऑक्टोबरातच काढा, सासूबाईंना खालचा बर्थ मागा, आणि लॉजही त्याच आठवड्यात पक्का करा. तारखा ठरल्या की कळवा. त्या शनिवारी संकष्टी येत असेल तर सिद्धिविनायक गुरुवारी सकाळी घेऊ आणि पुढचं थोडं सरकवू.