चादरी-टॉवेलांचं कपाट महिनाभरही नीट राहत नाही, कसं लावावं?

तुमचा प्रश्न असा की दोन बेडरूमच्या घरात चादरी, अभ्रे, टॉवेल सगळं एकाच कपाटात आहे, महिन्याभरात त्याचा उकिरडा होतो, तर कप्पे पाडायला कोणते डबे घ्यावेत. एकही घेऊ नका. डब्यांनी कपाट नीट राहत असतं तर आमच्या मोठ्या जाऊबाईंचं राहिलं असतं. त्यांच्याकडे सतरा आहेत.

कपाट लागलंय की नुसतं रचलंय हे ओळखायची माझी एकच परीक्षा आहे. रात्री दिवे घालवा आणि ज्याने ते कपाट कधी लावलेलं नाही अशा घरातल्या माणसाला म्हणा, जा, एक सिंगल चादर घेऊन ये. बाकीची चळत न पाडता आणली, तर लागलंय. "अगं, नक्की कुठली?" असा आतून आवाज आला, तर तुम्ही रचलंय.

ही परीक्षा मी हौसेने शोधलेली नाही. २६ जुलै २००५ ला, मुंबईतल्या त्या महापुराच्या दिवशी, आम्ही कलिन्याला राहत होतो, दुसऱ्या मजल्यावर. सासूबाई, मोठे दीर-जाऊ, त्यांची दोन मुलं, आम्ही दोघं आणि आमची एक. एकत्र घर होतं आणि कामं वाटलेली होती. स्वयंपाक माझ्याकडे, कपाटं जाऊबाईंकडे. त्यांचं चादरींचं कपाट म्हणजे बघत राहावं असं. सगळ्या चादरींना खळ, कडक इस्त्री, एकसारखी चौकोनी घडी, फिकट रंग वर, गडद खाली. कुणी आलं की काहीतरी काढायच्या निमित्ताने दार उघडायच्या आणि पाहुणीने "वा!" म्हटल्यावरच लावायच्या. चांगल्या चादरी सगळ्यात खाली, प्लास्टिकच्या पिशवीत, ठेवणीतल्या म्हणून. माझ्या लग्नापासून त्या दिवसापर्यंतच्या अकरा वर्षांत ती पिशवी उघडलेली मी पाहिली नव्हती.

दुपारी दोननंतर आभाळ जे कोसळायला लागलं ते तुम्हाला सांगायला नको. संध्याकाळपर्यंत मिठी नदीचं पाणी तळमजल्यात शिरलं. लाईट गेले, फोन बंद. खालची दोन बिऱ्हाडं मिळेल ते उचलून आमच्याकडे आली. ह्यांच्या ऑफिसातले दोघं छातीएवढ्या पाण्यातून चालत आले. रात्री नवाच्या सुमाराला जिन्यात एक बाई दिसली, कडेवर चारेक वर्षांची मुलगी, दोघी थरथरत होत्या. कोण, कुठल्या, कुणालाच माहीत नाही. त्यांनाही आत घेतलं. मी मोजली तर घरात एकोणीस माणसं होती.

आणि जाऊबाई नेमक्या नव्हत्या. त्यांची नोकरी फोर्टला, लोकल बंद, त्या तिथेच अडकल्या. आता हे लक्षात ठेवा, कारण पुढचं सगळं भांडण ह्यावर आहे. त्या चोवीस तासांत आमच्या बाजूच्या सांताक्रूझच्या वेधशाळेत ९४४ मिलीमीटर पाऊस नोंदला गेला आणि कुलाब्याला ७३. एकाच मुंबईत. फोर्ट कुलाब्याच्या बाजूला, म्हणजे जाऊबाई त्या ७३ वाल्या मुंबईत होत्या. कोरड्या ऑफिसात टेबलावर डोकं ठेवून झोपल्या. आमच्याकडे काय चाललं होतं ते त्यांनी पाहिलंच नाही.

मी एका हातात मेणबत्ती घेऊन कपाट उघडलं. इतक्या कापडांच्या तोंडाशी मेणबत्ती धरायची भीती वाटली, म्हणून ती मागे स्टुलावर ठेवली आणि हाताने चाचपायला लागले. सगळ्या घड्या हाताला सारख्याच. खळीमुळे सगळ्याच कडक. पहिली ओढली ती डबल निघाली, दुसरी डबल, तिसरी ओढताना अख्खी चळत अंगावर आली. अभ्रे वेगळ्या खणात, तेही निव्वळ अभ्रे, कशाचं काय कळेना. टॉवेल शोधते तर ते मागच्या ओळीत, पुढे इस्त्रीच्या टेबलक्लॉथची भिंत. कोरड्या टॉवेलासाठी दहा माणसं ओल्या कपड्यांत उभी आणि मी बारा माणसांचे टेबलक्लॉथ काढतेय. आमचं जेवणाचं टेबल चौघांचं.

ती लहान मुलगी काकडली होती. हाताला शेवटी खालची प्लास्टिकची पिशवी लागली. त्यात जाऊबाईंच्या रुखवतातला पलंगपोस होता. पांढरा, चारी कोपऱ्यांत मोर, स्वतः भरलेला. मी तो काढला, मुलीला त्यात गुंडाळलं आणि तिच्या आईजवळ दिलं. रात्रभर ती त्यातच झोपली. सकाळी पाणी उतरलं तेव्हा तिची आई तिला तशीच गुंडाळून खाली पाहून आली. मिठीचा गाळ पलंगपोसाला लागला. तो डाग मी नंतर सगळं करून पाहिलं, गेला नाही.

२८ तारखेला जाऊबाई आल्या. तळमजल्यावरच्या काकूंचा सगळा संसार चिखलात होता, तो ओलांडून वर आल्या आणि पहिला प्रश्न, "माझी पिशवी कुणी उघडली?"

डागाबद्दल मी तेव्हाही माफी मागितली, आजही मागते. पण त्यांनी पलंगपोस उजेडात धरला तर त्याला भोकंही होती, आणि ती मी मेणबत्तीने पाडली असं ठरलं. गेली वीस वर्षं प्रत्येक मंगळागौरीला, बारशाला, मुंजीला हे ऐकतेय. तर एकदा नीट सांगते. सुती कापड जळलं की भोकाची कड काळी-तपकिरी होते आणि कडक लागते. ह्या भोकांची कड विरळ, भुगभुगीत, कुरतडल्यासारखी. आणि सगळी घडीच्या आतल्या बाजूला. मेणबत्ती घडीच्या आत शिरत नाही, जाऊबाई. कसर नावाची कीड शिरते. कसरीला पिठूळ पदार्थ आवडतो आणि खळ म्हणजे दुसरं काय? तुम्ही तिला वर्षानुवर्षं पेज वाढत होतात. वरून प्लास्टिक, म्हणजे आतला दमटपणा आतच, त्यानेच घड्यांवर पिवळ्या रेघा पडल्या. ठेवणीतली वस्तू ठेवून ठेवून गेली, वापरून नाही.

असो. आता तुमच्या कपाटाकडे येते.

२००८ साली आम्ही ठाण्याला वेगळे राहायला आलो तेव्हा पहिल्यांदा माझ्या हातात स्वतःचं कपाट आलं. मी ठरवलं, घडी सारखी दिसायला नको, हाताला वेगळी लागायला हवी. माझं माहेर सोलापूरचं. तिकडे धोबी घरी यायचा आणि कपड्याच्या कोपऱ्यात पक्क्या शाईने ठिपके-रेघा काढायचा, घरागणिक वेगळी खूण. आजी सांगायची की पूर्वी हेच बिब्ब्याच्या चिकाने करत. शेकडो घरांचे कपडे घाटावर एकत्र धुतले जात आणि तरी परत बरोबर घरी येत ते ह्या खुणेवर. मी तेच दोऱ्याने केलं. एक चादर आणि तिचे अभ्रे असा जोड करायचा, घडी घालून त्यातल्याच एका अभ्र्यात सरकवायचा. अभ्र्याच्या तोंडाशी उजव्या कोपऱ्यात गोधडीच्या जाड दोऱ्याची गाठ. एक गाठ म्हणजे सिंगल, दोन म्हणजे डबल. अंगठा फिरवला की कळतं. आमच्या ह्यांना चष्म्याशिवाय पेपर दिसत नाही, पण चादर बरोबर आणतात.

सासूबाई ह्याला "बोचकी" म्हणायच्या. म्हणू देत. बोचकं एक उचललं की दुसरं हलत नाही, हाच तर मुद्दा आहे. तुमचं कपाट विस्कटतं ते तुम्ही आळशी आहात म्हणून नव्हे. मधली चादर काढताना वरच्या चार सरकतात, म्हणून विस्कटतं. इलॅस्टिकवाल्या चादरीची घडी कशी घालावी ह्याचेही तुम्ही व्हिडिओ बघत असाल. गुंडाळा आणि कोंबा अभ्र्यात. पलंगावर ताणली की सुरकुत्या जातात.

दुसरी गोष्ट कपाटाची खोली. सुतार सगळी कपाटं दोन फूट खोल करतात, कारण ते माप हँगरवरच्या कपड्यांचं आहे. त्यात चादरींची चौकोनी घडी घातली की आपोआप दोन ओळी होतात आणि मागची ओळ मेली म्हणून समजा. तिथे जे जातं ते दिवाळीच्या साफसफाईलाच बाहेर येतं. म्हणून घडी लांबट घाला, साधारण वीस इंच, म्हणजे एकच घडी पुढून मागपर्यंत जाईल. दुमडलेली बाजू पुढे, सुटे पदर मागे. धुऊन आलेली खाली सरकवायची, वापरायची ती वरची. असं केलं तरच सगळ्या चादरी सारख्या झिजतात. नाहीतर घरात वीस चादरी असतात आणि फाटतात त्याच तीन.

किती हव्यात? एका पलंगाला तीन. एक घातलेली, एक धुण्यात, एक कपाटात. पावसाळ्यात सुकायला दोन-दोन दिवस लागतात म्हणून चौथी चालेल. पाहुण्यांसाठी वेगळ्या चादरी ठेवूच नका. पाहुण्याला तुमची रोजचीच स्वच्छ चादर द्या. आपण ज्या चादरीवर झोपतो ती पाहुण्याला द्यायची लाज वाटत असेल तर ती आपल्यासाठी तरी का ठेवायची? जास्तीच्या काढून टाका. आमच्या इमारतीचा वॉचमन, कामवाल्या ताई, घरचा पोछा, चादर कुठेही वाया जात नाही.

सोलापुरी चादरी ह्या हिशोबात धरू नका. माहेरच्या प्रत्येक कार्यात एक मिळते, माझ्याकडे अकरा आहेत आणि एकही देणार नाही. त्या जड, जाड, फळी वाकवतात. दिवाणाच्या पोटात ठेवा, मे महिन्यात एकदा कडक ऊन दाखवा आणि गार झाल्यावरच आत टाका. गरम चादर घडी घालून कोंडली की आतून दमट होते.

टॉवेलांचं मी काही सांगत नाही, ते बाथरूमजवळ ठेवा, विषय संपला.

खळीबद्दल मी वर तोंड सोडलं, पण इस्त्री-खळ केलेली चादर लगेच वापरायची असेल तर खुशाल करा. चार महिने ठेवायची असेल तेव्हा नको, साध्या पाण्यातून काढून ठेवा. प्लास्टिकऐवजी जुन्या धोतरात किंवा मऊ सुती साडीत गुंडाळा. आमच्याकडे वेखंडाचे तुकडे पुरचुंडीत बांधून ठेवतात, मीही ठेवते. कडुनिंबाचा पाला ठेवणार असाल तर आधी सावलीत पूर्ण वाळवा, ओला पाला डाग पाडतो. डांबराच्या गोळ्या मी अंथरुणाच्या कपड्यांत घालत नाही. त्यांनी कीड पळते, पण बुरशी अडत नाही, आणि त्यांची वाफ तान्ह्या बाळांना चांगली नाही. काही बाळांच्या रक्तात एक विकर (एन्झाइम) जन्मतः कमी असतं, त्यांच्या तांबड्या पेशी त्याने फुटतात आणि कावीळ होते. घरात बाळंतीण येणार असेल तर दुपटी त्या कपाटात ठेवूच नका.

कपाट बाहेरच्या भिंतीला टेकलेलं असेल आणि ती भिंत पावसाळ्यात ओल धरत असेल तर वरचं सगळं व्यर्थ आहे. आधी ते चार बोटं पुढे ओढा. हे खरं तर मी सुरुवातीलाच लिहायला हवं होतं.

आणि बिब्बा आणून खुणा करायला जाऊ नका. त्याचा चीक अंगावर उततो. दोरा पुरतो.

जाऊबाई, तुम्ही हे वाचत असाल तर, पलंगपोस माझ्याकडे आहे. तुम्ही रागाने "ने तुझ्या घरी" म्हणालात तो मी खरंच आणला होता. भोकं रफू करून घेतली आहेत, मोर चारही शाबूत आहेत. मधल्या फळीवर, डावीकडून पहिला, त्याच्या अभ्र्याला गाठ नाही. दिवा न लावताही सापडेल.