कट्ट्यावर नवा आहेस? आधी एवढं कर

भाऊ, कट्ट्यावरच्या चिडवाचिडवीत पहिल्याच दिवशी सगळ्यांना गप्प करायला गेलास, तिथंच गाडी अडली. आठवडाभर तर्री-पोहे खात नुसतं ऐक.

मग दोन आकडे पाठ कर. मुंबईवाला त्यांच्या 42 रणजी विजेतेपदांचा विषय काढणारच. चिडू नको. 2024-25 ची उपांत्य फेरी काढ: विदर्भानं जामठ्यात, म्हणजे आपल्या नागपूरच्या मैदानावर, मुंबईला 80 धावांनी हरवलं, आणि पुढं तिसऱ्यांदा रणजी जिंकली. दुसरा आकडा आपल्याला बोचणारा. 2016 च्या टी-ट्वेंटी विश्वचषकात याच जामठ्यात न्यूझीलंडनं भारताला 79 वर गुंडाळलं. तो तूच आधी सांग, समोरच्याच्या हातचं हत्यार जातं. मला हे कळायला फार वेळ लागला.

नवखे हमखास चुकतात ते इथं:
- राजकारणात थेट पक्षावर घसरतात. हिवाळी अधिवेशनातल्या सभात्यागाचा टोमणा लगेच बाद होणाऱ्या फलंदाजाला लाव, पण कोणी कोणाला मत दिलं ते विचारू नको.
- सिनेमाचा संवाद अख्खा म्हणतात. अर्ध्यावर सोड, बाकीचा कट्टा म्हणतो.
- पैशाची पैज लावतात. हरणाऱ्यानं संत्र्याची साल एका तुकड्यात सोलायची, बस.

नकला, टोपणनावं नंतर. शनिवारी ये, बाजूला जागा ठेवतो.