भट्टी विस्तवाची की भांड्याची?

प्रश्न असा आला आहे: 'फ्यूजनला संलयन म्हणावं की संमीलन? आणि जिथे काही जळतच नाही, त्या यंत्राला अणुभट्टी का म्हणायचं?' फ्यूजन म्हणजे हलकी अणुकेंद्रकं जोडून ऊर्जा काढणं. पहिल्याचं नंतर बघू. दुसरं माझ्या जिव्हारी लागणारं आहे. 'कृत्रिम सूर्याची धगधगती भट्टी' हे बातम्यांत ऐकून कान किटले आहेत, आणि त्यावर उतारा म्हणून रिअ‍ॅक्टरला 'विक्रियक' हा शब्द पुढे करणारे परिभाषावाले त्याहून वैताग आणतात.

भट्टी म्हणजे विस्तव, हे दोन्ही पक्षांनी गृहीत धरलंय. अहो, भट्टीचं मूळ संस्कृत भ्राष्ट्र. धातू भ्रस्ज्, म्हणजे भाजणे. भ्राष्ट्र म्हणजे भाजायचं भांडं! प्राकृतात त्याचं भट्ठ झालं. हिंदीतल्या 'भाड में जा' मधला भाड याच घरचा, आपल्या भडभुंज्यातला भडही. कोश उघडून 'मोठी चूल' हा अर्थ मला दाखवू नका. तो आहेच, पण माझ्या मते मागाहून चिकटलेला.

त्या हिशेबाने भट्टी हे नाव युरेनियमच्या यंत्रापेक्षा टोकामॅकलाच, म्हणजे चुंबकांच्या पकडीत फ्यूजन घडवणाऱ्या यंत्रालाच, जास्त शोभतं. तिथे घोडं अडलंय ते भांड्यापाशीच. फक्त भडभुंज्याचा न्याय उलटा: त्याची कढई तापलेली आणि दाणे गार, इथे दाणाच तापलेला आणि कढई वाचवायची. दक्षिण फ्रान्समध्ये उभ्या राहणाऱ्या आयटर या टोकामॅकमध्ये प्लाझ्मा, म्हणजे अणूंतून इलेक्ट्रॉन सुटलेला तापलेला वायू, 15 कोटी अंशांपर्यंत न्यायचा बेत आहे, पण तो हवेपेक्षा लाखो पटींनी विरळ. चुंबकांच्या पकडीतून सुटून भिंतीला टेकला, तर भिंतीला चटके बसतात खरे, पण विझतो तो प्लाझ्माच. धगधगती म्हणे!

आता भांडं कशाचं? इंग्लंडमधल्या जेट या टोकामॅकमध्ये (ते 2023 मध्ये बंद झालं) आधी कार्बनच्या फरश्या होत्या. कार्बन ट्रिटियम, म्हणजे फ्यूजनचं इंधन असलेला जड हायड्रोजन, गिळून बसतो, म्हणून 2011 मध्ये बेरिलियम आणि टंगस्टन आले. आयटरनेही आतल्या भिंतीचं बेरिलियम 2023 मध्ये सोडून टंगस्टन धरलं. ते वितळायला 3422 अंश लागतात, पण त्याच्या अणूत 74 इलेक्ट्रॉन. इतक्या उष्णतेतही ते सगळे सुटत नाहीत, आणि उरलेले प्लाझ्माची ऊर्जा प्रकाश-किरणांत उधळून टाकतात. भिंतीचे थोडे कण आत गेले की प्लाझ्मा गार पडायला लागतो.

याला आपले लेखक 'अशुद्धींमुळे होणारे प्लाझ्मा-प्रदूषण' लिहितात. पितळेच्या भांड्यात ताक ठेवलं की काय होतं? कळकतं! भांड्याचा धातू आतल्या जिनसात उतरून जिन्नस बिघडणे, यासाठी इतका नेमका शब्द घरात असताना प्रदूषण कशाला? आणि कळकू नये म्हणून आपण काय करतो? कल्हई. जर्मनीत गार्खिंगच्या आस्डेक्स अपग्रेड या टोकामॅकची आतली भिंत 2007 पासून सगळी टंगस्टनची आहे, आणि तिच्यावर अधूनमधून बोरॉनचा पातळ थर चढवतात, ऑक्सिजन वगैरे धरून ठेवायला. आयटरमध्येही तेच करायचं ठरलंय. 'बोरॉनलेपन' लिहिणाऱ्यांनी एकदा तरी कल्हईवाला पाहिला असता तर!

हां, संलयन की संमीलन. संमीलन लिहा, पाठ्यपुस्तकात तेच आहे. मील् म्हणजे डोळे मिटणे आणि पंचांगात ग्रहणाचंही संमीलन असतं, हे मला ठाऊक आहे. त्यावर पत्रं पाठवू नका.