वाचकांचे प्रश्न : काविळीचा पाला आणि चीनची गोळी

प्रश्न : चीनमध्ये जडीबुटीतून यकृतावरची गोळी निघाली असं वाचलं. आमच्या धानाच्या बांध्यांमध्ये भुईआवळी पायाखाली येते, वैदू काविळीला तीच देतात आणि माणसं बरी होतात. मग आपली गोळी का निघत नाही? (आरमोरी तालुका, गडचिरोली)

उत्तर : गोळी निघाली हे खरं, पण ती काढ्यातून सरळ उतरलेली नाही. ईशान्य चीनमध्ये ‘वू-वेई-झी’ म्हणजे पाच चवींचं फळ देणारी वेल आहे. १९७०च्या दशकात तिथल्या डॉक्टरांना दिसलं की या फळाने हिपॅटायटिसच्या (यकृताला सूज) रुग्णांचा एसजीपीटी, म्हणजे यकृताला इजा झाली की रक्तात वाढणारा आकडा, उतरतो. त्यातली लिग्नॅन नावाची द्रव्यं मुख्यतः बियांत असतात. ती अल्कोहोलमध्ये विरघळतात, पाण्यात फारशी नाही. नुसतं उकळून प्यायलं तर कामाचा बराच भाग चोथ्यात जातो. या लिग्नॅनपैकी शिझँड्रिन-सीच्या धर्तीवर प्रयोगशाळेत आधी बायफेंडेट हे औषध आणि मग त्यात फेरफार करून बायसायक्लॉल बनवलं. दोन्ही कृत्रिम. शिवाय बायफेंडेट बंद केलं की अनेकांचा एसजीपीटी पुन्हा चढायचा. आकडा उतरणं वेगळं, आजार जाणं वेगळं.

भुईआवळीचाही प्रयोग झालाय. १९८८ साली मद्रासच्या संशोधकांनी हिपॅटायटिस बी बाळगणाऱ्यांना तिची भुकटी २०० मिलिग्रॅम, दिवसातून तीनदा, ३० दिवस दिली. ३७ पैकी २२ जणांच्या रक्तातली विषाणूची खूण गेली. खोटी भुकटी घेतलेल्या २३ पैकी एकाचीच. पुढे इतर ठिकाणी मात्र हा निकाल काही जुळला नाही. झाड ओळखण्यातला घोळ हे त्याचं एक कारण असू शकतं. फांदी उलटी करून पाहा : फळं गुळगुळीत आणि छोट्या देठावर असतील तर एक जात, खरखरीत, देठाविना चिकटलेली आणि खोडाला लाली असेल तर दुसरी. बाजारातल्या गठ्ठ्यात दोन्ही एकत्र येतात.

आता ‘माणसं बरी होतात’बद्दल. पावसाळ्यातली कावीळ बहुधा दूषित पाण्यातून आलेली हिपॅटायटिस ए किंवा ई असते, आणि ती बहुतेकांची काही आठवड्यांत आपोआप ओसरते. श्रेय त्या वेळी जे चालू असेल त्याला. काविळीवर गळ्यात घालतात ती माळसुद्धा अशीच आपोआप ‘वाढते’ : ओल्या देठांचे तुकडे वाळून बारीक होतात, दोऱ्याचे फास सैल पडतात, माळ पोटापर्यंत येते. म्हणून औषध तपासताना पाला न घेतलेला दुसरा गट हवाच. गरोदर बाईला कावीळ झाली तर मात्र एक दिवसही वाट पाहू नका. ई प्रकार तिच्या जिवावर बेततो.

वैदूंचं ज्ञान पुढे न्यायचं असेल तर फुला-फळांसकट, मुळासकट झाड उपटा, वर्तमानपत्रात दाबा, कागद रोज बदला (पावसाळ्यात दिवसातून दोनदा, नाहीतर बुरशी धरते). जागा, तारीख, वापरलेला भाग, अनुपान (औषध कशासोबत दिलं ते) लिहा आणि विद्यापीठाच्या वनस्पतिशास्त्र विभागाकडून नाव पक्कं करून घ्या. त्याआधी ग्रामपंचायतीच्या जैवविविधता समितीच्या नोंदवहीत वैदूच्या नावाने नोंद करा. तेवढं तरी गावाच्या हाती राहील.

प्रश्न : आठ वर्षांच्या मुलाचे डोळे नेहमी पिवळट असतात. गुळवेलीचा काढा देऊ का? (धारणी तालुका, अमरावती)

उत्तर : नको. आपल्या भागात आधी सिकलसेल (तांबड्या पेशींचा आनुवंशिक आजार) तपासा. त्यात तांबड्या पेशी फुटून डोळे पिवळे होतात. रक्तातलं पिवळं द्रव्य, बिलिरुबिन, वाढतं ते मुख्यतः ‘इनडायरेक्ट’, यकृताचे आकडे अनेकदा जवळपास ठीक असतात. ग्रामीण रुग्णालयात सोल्युबिलिटी चाचणी करा. पॉझिटिव्ह आली तर इलेक्ट्रोफोरेसिस, म्हणजे हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून दाखवणारी चाचणी. काढ्याने यात काही साधत नाही, उलट कोविडच्या काळात गुळवेल घेतलेल्यांमध्ये यकृताला सूज आल्याचे रुग्ण भारतातल्या डॉक्टरांनीच नोंदवले आहेत. घरात कोणी तो रोज घेत असेल तर तेही डॉक्टरांना सांगा, विचारलं नाही तरी.