इंग्लंडमध्ये मानसिक आरोग्य कायद्यात बॅरिस्टर म्हणून करिअर करता येतं का?

तुम्ही पुण्यात एलएलबीच्या शेवटच्या वर्षाला आहात आणि दोन गोष्टी विचारल्यात: या क्षेत्रात बॅरिस्टरला काम मिळतं का, आणि सक्तीने दाखल केलेल्या रुग्णांचं न्यायाधिकरण नेमकं करतं काय. मी इंग्लंडमध्ये आधी रुग्णांची बाजू मांडायचो, आता अर्धवेळ न्यायाधीश म्हणून बसतो. दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करतो.

इथल्या १९८३ च्या मानसिक आरोग्य कायद्यात कलम २ खाली तपासणीसाठी २८ दिवसांपर्यंत, तर कलम ३ खाली उपचारासाठी सुरुवातीला सहा महिन्यांपर्यंत माणसाला इच्छेविरुद्ध रुग्णालयात ठेवता येतं. त्याने गुन्हा केलेला नसतो, कोर्टाने त्याला पाहिलेलंही नसतं. म्हणून रुग्णालयाबाहेरच्या कुणीतरी शहानिशा करावीच लागते, आणि ते काम न्यायाधिकरणाचं. कलम २ च्या रुग्णाने पहिल्या १४ दिवसांत अर्ज केला, तर दहा दिवसांत सुनावणी व्हायला हवी. तिघे बसतात: न्यायाधीश, मनोविकारतज्ज्ञ आणि या क्षेत्राचा अनुभव असलेला तिसरा सदस्य.

२००१ पर्यंत ‘मला ठेवायची गरज नाही’ हे रुग्णानेच सिद्ध करायचं होतं! अपील न्यायालयाने ते मानवी हक्कांच्या विरोधात ठरवलं. आता ठेवण्याची गरज रुग्णालयाने दाखवायची. माझ्या मते या कायद्यातली सगळ्यात मोलाची गोष्ट हीच.

आता बऱ्याच सुनावण्या व्हिडिओवर होतात, पण वॉर्डाशेजारच्या खोलीतली सुनावणी वेगळीच. रिसेप्शनवर मोबाइल लॉकरमध्ये ठेवायचा, कमरेला अलार्म लावायचा. डॉक्टर म्हणतात, ‘पेशंटला इनसाइट नाही,’ म्हणजे आपण आजारी आहोत याची त्याला जाणीव नाही. पेशंट म्हणतो, ‘मी आजारी नाही, पण इंजेक्शन घेईन.’ या वाक्यावर खरा वाद होतो. आज तो शांत आहे, पण दर वेळी गोळ्या सोडून पुन्हा बिघडतो का? घरी कोण आहे? नर्स घरी किती वेळा येऊ शकेल? की केवळ राहायला जागा नाही म्हणून त्याला ठेवलंय? जागेचाच प्रश्न असेल तर पुढची तारीख घालून सुटकेचा आदेश देता येतो, म्हणजे तेवढ्या दिवसांत सोय लावणं यंत्रणेला भाग पडतं. हे प्रश्न ज्याला सुचतात तो इथे चांगला वकील. मोठा आवाज काढणाऱ्याचं इथे काही चालत नाही, समोरचा माणूस आधीच घाबरलेला असतो.

करिअरचं सांगायचं तर, न्यायाधिकरणापुढे बहुतेक वेळा सॉलिसिटर, म्हणजे पक्षकाराचं काम थेट हाती घेणारे वकील, उभे राहतात. रुग्णाचं उत्पन्न न पाहता सरकारी कायदेशीर मदत मिळते, पण फी बेताची असते. बॅरिस्टरचं काम जास्त करून अपील ऐकणाऱ्या वरच्या न्यायाधिकरणात आणि स्वतःचे निर्णय घेण्याची क्षमता नसलेल्यांची प्रकरणं पाहणाऱ्या ‘कोर्ट ऑफ प्रोटेक्शन’मध्ये. त्याआधी बॅरिस्टर होण्यासाठीचा बार कोर्स आणि वर्षभराची प्युपिलेज, म्हणजे अनुभवी बॅरिस्टरच्या हाताखालची उमेदवारी. प्युपिलेज मिळणं खरोखर कठीण आहे, कर्ज काढण्याआधी याचा नीट विचार करा. पात्रतेनंतर पाच वर्षांच्या अनुभवावर न्यायाधिकरणाच्या न्यायाधीशपदासाठी अर्ज करता येतो. राष्ट्रकुलातल्या देशांचे नागरिक चालतात, त्यामुळे भारतीय पासपोर्टची अडचण नाही.

पण तुमची ओढ या विषयाकडे असेल, नुसती लंडनकडे नसेल, तर आपला २०१७ चा मानसिक आरोग्यसेवा कायदा आधी वाचा. कलम ८९ आणि ९० खाली रुग्णाला दाखल करून घेण्यावर पुनर्विलोकन मंडळाची देखरेख आहे आणि कलम २७ खाली रुग्णाला मोफत वकील मिळण्याचा हक्क आहे. येरवडा, ठाणे, नागपूर, रत्नागिरी इथल्या मनोरुग्णालयांतल्या माणसांना त्यांच्या भाषेत ऐकून घेणारा, कायदा पाठ असलेला वकील हवाय. सनद मिळाली की जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जाऊन या कामाची चौकशी करा. इंग्लंडला यायचं ठरलंच, तर तो अनुभव प्युपिलेजच्या अर्जात उपयोगी पडेल.