कुवेतहून आलेली पेटी आणि एमएसएक्सचा इतिहास: सुरुवात कुठून करायची

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. मामांनी कुवेतहून आणलेला सख्र एएक्स-१७० हा जुना घरगुती संगणक माळ्यावर सापडला, सोबत सहा कॅसेट आहेत, आणि त्या निमित्ताने तुम्हाला एमएसएक्सचा, म्हणजे तो ज्या घराण्यातला त्या संगणकांचा, इतिहास मराठीत लिहायचा आहे. पण जिथे बघाल तिथे तारखा वेगळ्या, नावाचा अर्थ वेगळा, म्हणून अडलात. माझं सांगणं एवढंच की आधी ती पेटी आणि मामा, मग छापील कागद, आणि इतरांनी लिहिलेले इतिहास सगळ्यात शेवटी. बहुतेक जण नेमकं उलटं करतात आणि एकमेकांच्या चुका पुढे नेतात.

थोडी पार्श्वभूमी, म्हणजे काय शोधायचं ते कळेल. १९८३ साली जपानमध्ये प्रत्येक कंपनीचा घरगुती संगणक वेगळा होता, एकाचा प्रोग्रॅम दुसऱ्यावर चालत नसे. ऍस्की कंपनीचे काझुहिको निशी तेव्हा मायक्रोसॉफ्टचं जपानमधलं काम बघत होते. त्यांनी सगळ्यांसाठी एकच आराखडा मांडला, तोच एमएसएक्स: झेड-८०ए प्रोसेसर, टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सची चित्राची चिप, जनरल इन्स्ट्रुमेंटची आवाजाची चिप आणि मायक्रोसॉफ्टचं बेसिक ही प्रोग्रॅम लिहिण्याची भाषा. सोनी, तोशिबा, सान्यो, मित्सुबिशी, यामाहा, नॅशनल असे बरेच जण सामील झाले, युरोपातून फिलिप्स आली. ब्राझीलमध्ये ग्रादिएंते कंपनीचा एक्स्पर्ट निघाला, सोव्हिएत शाळांमध्ये यामाहाची यंत्रं पोचली. अमेरिकेत मात्र कमोडोर ६४ या तिथल्या लोकप्रिय संगणकापुढे त्याचा टिकाव लागला नाही. कुवेतमध्ये मोहम्मद अल-शारेख यांच्या अल-अलामिया कंपनीने यामाहासारख्या जपानी कंपन्यांकडून यंत्रं बनवून घेतली, त्यात अरबी घातली आणि 'सख्र' नावाने विकली. १९९० च्या इराकी आक्रमणानंतर कंपनीने आपला मुक्काम कैरोला हलवला. तुमची पेटी या धाग्यातली आहे. मराठीत तो कुणी नीट लिहिलेला माझ्या पाहण्यात नाही, म्हणून मला तुमच्या कामाबद्दल इतकी आस्था वाटते.

आता पेटी. लगेच प्लग लावू नका. आधी तळाची पट्टी वाचा, व्होल्टेज बघा, अनुक्रमांकाचा फोटो घ्या. जपानमध्ये विकलेली यंत्रं १०० व्होल्टची असतात, आपल्या २३० वर लावली की जळतात. मग खोलून चिपांवरचे आकडे वाचा. चिपवर '८६४२' असे चार आकडे दिसले तर ती १९८६ च्या बेचाळिसाव्या आठवड्यात बनलेली आहे. अशा सगळ्या चिपांची यादी करा. सगळ्यात उशिराचा आठवडा ज्या चिपवर असेल, त्याच्या आधी तुमचं यंत्र जुळवलेलं असूच शकत नाही (मधे कुणी दुरुस्तीत चिप बदलली नसेल तर). पडद्यावर 'कॉपीराइट १९८३' दिसतं ते बेसिकचं साल आहे, यंत्राचं नाही. या एका ओळीमुळे कितीतरी यंत्रांवर चुकीची सालं चिकटली आहेत.

बेसिकमध्ये पोचलात की ४३ आणि ४५ या स्मृतीतल्या दोन पत्त्यांवर पीक करून बघा (PEEK, म्हणजे त्या पत्त्यावरचा आकडा वाचणारी बेसिकची आज्ञा). ४५ वर शून्य म्हणजे मूळ एमएसएक्स, १ म्हणजे १९८५ चा एमएसएक्स-२, २ म्हणजे १९८८ चा २-प्लस, ३ म्हणजे १९९० चा टर्बो-आर. ४३ वरचा आकडा १२८ किंवा जास्त असेल तर यंत्र ५० हर्ट्झच्या टीव्हीसाठी बनलेलं. पडद्यावर मोकळी जागा २८८१५ बाइट दिसेल. खोक्यावर ६४ के (किलोबाइट) लिहिलंय आणि इथे निम्मीसुद्धा नाही, म्हणून यंत्र बिघडलंय असं समजू नका. प्रोसेसर एका वेळी ६४ के बघतो, त्यातली खालची ३२ के बेसिकच्या रॉमने (कायम भरलेल्या स्मृतीने) व्यापलेली असते.

कॅसेटबद्दल (तेव्हा प्रोग्रॅम कॅसेटवर आवाजाच्या रूपात साठवत) जरा सविस्तर सांगतो, कारण इथे मी स्वतः नुकसान केलंय. एका परिचितांची कॅसेट मी संगणकावर घेतली, त्यातले बाइट काढले, फाइल चालली, आनंदात कॅसेट परत केली आणि मूळ आवाजाची नोंद पुसून टाकली. वर्षभराने प्रश्न पडला की प्रोग्रॅम १२०० बॉडच्या (बॉड म्हणजे भरण्याचा वेग) गतीने भरला होता की २४०० च्या, आणि दोन प्रोग्रॅमच्या मधे जुन्या रेकॉर्डिंगचा जो तुकडा ऐकू आला होता तो कशाचा. काढलेल्या फाइलमध्ये यातलं काहीच उरत नाही. कॅसेट तोवर टाकून दिलेली होती. म्हणून आधी दोन्ही बाजू अखंड, न दाबलेल्या (अनकम्प्रेस्ड) आवाजाच्या फाइलमध्ये घ्या आणि ती फाइल कधीही पुसू नका. बाइट नंतर सावकाश काढा. लांब शिट्टीनंतर एकच आकडा सलग दहा वेळा येतो: २११ असेल तर बेसिक प्रोग्रॅम, २३४ असेल तर साधा मजकूर, २०८ असेल तर मशीन कोड. त्यामागे सहा अक्षरांचं नाव. त्या नावात मामांचं किंवा घरातल्या कुणाचं नाव निघालं तर ती कॅसेट घरी भरलेली असण्याची शक्यता मोठी.

मामांना साल विचारू नका. चाळीस वर्षांनी माणूस साल चुकतो आणि मग त्यालाच चिकटून बसतो. घेतला तेव्हा कुठल्या कंपनीत होता, लग्नाआधी की नंतर, किती दिनार पडले, गावी वीज टिकायची का, टीव्ही कुणाचा लावायचात, असं विचारा. सहार विमानतळावरची कस्टमची पावती किंवा जुना पासपोर्ट मिळाला तर सोन्याहून पिवळं, त्यावर तारीखच असते. बोलणं त्यांच्या परवानगीने रेकॉर्ड करा.

तारखांचा घोळ: एमएसएक्सच्या घोषणेसाठी १६ जून १९८३ आणि २७ जून १९८३ अशा दोन्ही तारखा फिरतात. एक निवडून मोकळे होऊ नका, कुठली कुठून आली ते लिहा. घोषणा, जाहिरात आणि दुकानातली विक्री या तीन वेगळ्या घटना आहेत. एमएसएक्स या नावाचंही तसंच. निशींनी वेगवेगळ्या वेळी वेगवेगळी फोड सांगितली आहे, तेव्हा 'अमुक साली निशी असं म्हणाले' एवढंच लिहिता येतं. स्पेक्ट्राव्हिडिओ कंपनीचा एसव्ही-३२८ हा पहिला एमएसएक्स, हेही सर्रास वाचायला मिळेल. चिपा जवळजवळ त्याच, पण पोर्ट (प्रोसेसरने चिपांशी बोलायचे क्रमांक) वेगळे, त्यामुळे एमएसएक्सचे प्रोग्रॅम त्यावर जसेच्या तसे चालत नाहीत. नातं जवळचं, पण तो त्या घराण्यातला नव्हे. त्यांचा खरा एमएसएक्स ७२८ हा नंतर आला.

तुम्ही कोकणात आहात, पावसाळा तोंडावर आहे. कॅसेटच्या खिडकीतून टेपच्या कडेवर पांढुरकी बुरशी दिसतेय का ते आजच बघा. दिसली तर डेकमध्ये घालू नका, वेगळ्या डब्यात ठेवा आणि मला फोटो पाठवा.